गाळलेलं वाक्य

एस-बान, म्हणजे इथली लोकल, एसलिंगनहून निघाली तेव्हा प्रताप खुशीत होता. रविवारची दुपार, डबा अर्धा रिकामा. मांडीवर कंपनीनं दिलेली कागदी पिशवी, तिच्यात वाइनची बाटली आणि आभाराचं कार्ड. खिडकीतून नदीपलीकडच्या उतारावरचे द्राक्षमळे मागे सरकत होते आणि तो त्यांच्याकडे जरा मालकासारखाच बघत होता, आपलं काम नीट पार पाडलेला माणूस बघतो तसा. समोरच्या सीटवर अन्वी बसली होती. पंधरा वर्षांची पोर, तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. तिनं फोनमधून डोकं वर काढलं नाही. म्हणाली, "बाबा, त्या तसं म्हणाल्याच नव्हत्या."

"कोण?"

"ऑस्ट्रेलियाच्या बाई. घराबद्दल बोलल्या तेव्हा."

"अगं, भाषांतरात थोडं इकडंतिकडं होतंच."

"इकडंतिकडं नाही. त्या एक म्हणाल्या आणि तू दुसरंच सांगितलंस." एवढं बोलून तिनं इअरफोन कानात घातले. ती रागावलेली दिसत नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला मागाहून वाटलं. दुकानात कुणी चुकीचे सुटे पैसे दिले तर सांगावं, तसं तिनं ते सांगितलं आणि विषय तिच्यापुरता संपला. त्याला मात्र मानेच्या मागून काहीतरी गरम वर चढत कानांपर्यंत आल्यासारखं वाटलं. त्यानं पिशवी मांडीवरून उचलून पायांशी ठेवली. बाटली आतल्या आत आडवी झाल्याचा आवाज आला.

प्रताप पंपांचा माणूस. पुण्यात शिकला, पिंपरीत काही वर्षं नोकरी केली आणि मग इथं आला तो इथलाच झाला. कंपनीला दीडशे वर्षं झाली म्हणून जुन्या कारखान्याच्या हॉलमध्ये वाफेच्या पंपांचं प्रदर्शन मांडायचं ठरलं होतं, आणि आजचा कार्यक्रम त्याच्या तयारीतलाच एक. खाणीतलं पाणी उपसणारं ते अजस्र, तुळईचं इंजिन ज्या मुलखात वाढलं तो कॉर्नवॉल, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाची, समुद्रात घुसलेली काउंटी. तिथल्या तांब्याच्या खाणी बसायला लागल्या तेव्हा खाणकामगार बायकापोरांसकट जहाजात बसून पार दक्षिण ऑस्ट्रेलियात गेले, कारण तिथं नवं तांबं सापडलं होतं. जाताना इंजिनं नेली, प्रार्थनामंदिरं नेली, कणकेच्या पारीत मांस-बटाटा भरून भाजायची पास्टी नेली, गाणी नेली. तिकडच्या त्या पट्ट्याला लोक अजून 'छोटं कॉर्नवॉल' म्हणतात. दोन्हीकडचं एकेक माणूस कंपनीनं बोलावलं होतं. कॉर्नवॉलहून आले होते मिस्टर ट्रेगेन्झा, खाणकामगारांच्या घरातले, ऐंशीच्या पुढचे. आणि ऑस्ट्रेलियातून लोरेन. ती नरंगा लोकांपैकी, म्हणजे ज्यांच्या जमिनीतून ते तांबं निघालं त्यांच्यापैकी. आपल्या लोकांची जवळजवळ गेलेली भाषा मुलांना परत शिकवायचं काम ती करायची. दुभाषा ऐनवेळी आजारी पडला आणि कम्युनिकेशन विभागाच्या फ्राऊ हेबर्लेंनी प्रतापला फोन केला. तुमचं इंग्रजी उत्तम, जर्मन उत्तम, शिवाय तुम्हाला हा विषय आतून कळेल. हे शेवटचं त्यांनी कोणत्या अर्थानं म्हटलं ते त्याला माहीत होतं, आणि त्याला ते आवडलंही होतं. कँटीनमध्ये इतिहासाचा विषय निघाला की तो हमखास म्हणायचा, आम्ही दीडशे वर्षं सोसलंय. म्हणताना घास सावकाश चावायचा. समोरचे गप्प व्हायचे. त्या गप्प होण्याची त्याला चव होती. आज सकाळी निघतानासुद्धा त्यानं अन्वीला म्हटलं होतं, चल, इंग्रजांनी जगात काय काय करून ठेवलंय ते जरा ऐक.

हॉलमध्ये निवृत्त कामगार, त्यांच्या बायका, आसपासच्या टेकड्यांवरच्या गावांतली म्हातारी मंडळी. सुरुवातीला इथल्या गायकमंडळानं घर सोडून जाण्याचं एक जुनं गाणं म्हटलं. मिस्टर ट्रेगेन्झांनी त्यांच्या पणजोबांच्या भावाची गोष्ट सांगितली, बंदरावर आई कशी मागं उभी राहिली ती, आणि प्रताप वाक्यामागून वाक्य उचलून जर्मनमध्ये ठेवत गेला. आपण हे फार चांगलं करतोय हे त्याला कळत होतं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल काढला. मग लोरेन बोलायला उभी राहिली. आवाज खालचा, घाई नाही. ती दोन-तीन वाक्यं बोलून थांबायची, त्याच्याकडे मान वळवायची. तांब्याबद्दल बोलली, इंजिनाच्या जळणासाठी उघड्या बोडक्या झालेल्या रानाबद्दल बोलली, तो ते सगळं इमानानं सांगत गेला. आणि मग ती म्हणाली, "ते लोक घर सोडून आले, त्याची गाणी त्यांची पतवंडं अजून गातात. ते कुणाच्या घरात आले, हे मात्र कुणी विचारत नाही." आणि थांबली.

आता गाडीत बसून तो ते थांबणं पुन्हा पुन्हा बघत होता. किती वेळ गेला असेल? काहीच नाही, एक श्वास. पण त्या श्वासात केवढं काय काय मावलं होतं. मिस्टर ट्रेगेन्झांनी मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे पाहिलं होतं, ते दिसलं. फ्राऊ हेबर्लेंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून त्याच्या कडा ताठ झाल्या होत्या, तेही दिसलं. रुमालवाल्या बाई त्याच्या तोंडाकडे पुढचा घास मागावा तशा बघत होत्या. आणि गणपतीतला स्वतःचा आवाज ऐकू आला होता, इथल्या मराठी मंडळाच्या स्टेजवरून, झब्ब्याची बाही सारखी करत म्हटलेला, आपण माती सोडून आलेली माणसं. टाळ्या. हे सगळं एकदम आलं आणि तोंडातून बाहेर पडलं ते असं, की घर सोडणाऱ्याचं दुःख जगात सगळीकडे सारखंच असतं. सुंदर जर्मन वाक्य. त्याच्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर जर्मन वाक्य असेल ते, क्रियापद नेमकं शेवटी येऊन बसलेलं. हॉलमधून एक हलका उसासा गेला. लोक माना डोलवायला लागले. लोरेननं त्याच्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं, आणि पुढं बोलायला लागली.

ठरवून केलं नव्हतं, असं त्यानं फायहिंगन स्टेशनवर उतरताना स्वतःला सांगितलं. चढाच्या रस्त्यानं घरी जाताना पुन्हा सांगितलं. अन्वी पुढं चालत होती, तिच्या पाठीवरची सॅक डावी-उजवीकडे हलत होती. ठरवून केलं नव्हतं हे खरं होतं, पण त्यानं बरं वाटायच्या ऐवजी वाईटच वाटत होतं. ठरवून खोटं बोलणाऱ्याला निदान विचार करावा लागतो. त्याला विचार करावा लागला नव्हता. ते सगळं आत तयारच होतं, इस्त्री करून ठेवलेल्या शर्टासारखं.

घरी बायकोनं, नीतानं विचारलं, "कसं झालं?" अन्वी तिच्या खोलीत निघून गेली होती. तो म्हणाला, "छान झालं. लोकांना आवडलं." वाइनची बाटली ओट्यावर ठेवली. नीतानं लेबल वाचलं, म्हणाली, "चांगली दिलीय की रे." तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

शेजारच्या इमारतीत कुणी पोळ्या उलटत नव्हतं, कुणी कुणाला हाक मारत नव्हतं, रविवारची इथली ती कायद्यानं राखलेली शांतता होती, आणि त्या शांततेत त्याला कॉलनी आठवायला लागली. त्यानं बोलावलं नव्हतं. कॉलनी हा शब्द आज सकाळपासून इंग्रजीत, जर्मनमध्ये त्याच्या तोंडून कितीदा गेला होता, आणि प्रत्येक वेळी तो दुसऱ्या कुणाचा शब्द होता. लहानपणी तो घराचा पत्ता होता. प्रताप यशवंत, बी-टाइप क्वार्टर, प्रकल्प कॉलनी. वडील धरणावर इंजिनिअर. सह्याद्रीच्या त्या कुशीत धरण होईपर्यंत आणि झाल्यावरही कितीतरी वर्षं ते तिथं राहिले. डांबरी रस्ते, दोन्ही बाजूंना सिल्व्हर ओक, क्लब, बॅडमिंटनचं कोर्ट, साहेबांच्या बंगल्यासमोर गोल लॉन. शाळेत कुणी विचारलं कुठं राहतोस, की कॉलनीत म्हणताना छाती पुढं यायची. क्वार्टर्सच्या मागच्या मोकळ्या जागेत एक तुळशीवृंदावन होतं. घर नाही, अंगण नाही, नुसतं वृंदावन, रंग उडालेलं, आत वाळकं गवत. पोरं त्याचा स्टंप करायची. चेंडू त्याला लागला की आउट. ते तिथं का आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. दगड असतो, झाड असतं, तसं ते होतं.

आणि वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, काही लोक यायचे. ट्रकमधून यायचे, कुठून तरी लांबून, घाटाखालून. गेटवर वॉचमन त्यांना थांबवायचा, ऑफिसातून फोन आला की सोडायचा. कोर्टाच्या पलीकडे पिंपळाखाली एक शेंदरी दगड होता, तिथं ते नारळ फोडायचे, नैवेद्य दाखवायचे, बायका एकमेकींना हळदीकुंकू लावायच्या. कॉलनीतली पोरं खोबऱ्यासाठी गोळा व्हायची. एका वर्षी एका बाईनं त्याच्या हातावर खोबरं ठेवत विचारलं होतं, "तुजं घर कंचं रं बाळा?" त्यानं बोट दाखवलं. ती त्या दिशेनं बघत राहिली आणि हसून म्हणाली, "तितं आमचा गोठा हुता." त्यानं धावत येऊन आईला सांगितलं. आई खूप हसली. संध्याकाळी बाबा आल्यावर म्हणाली, "अहो ऐकलंत का, गोठ्यात राहतोय आपण." बाबाही हसले. कितीतरी दिवस तो घरातला विनोद होता. पसारा दिसला की आई म्हणायची, शेवटी गोठाच हा. कुणाचं मन दुखवावं म्हणून कुणी हसलं नव्हतं. बाल्कनीच्या थंड कठड्यावर हात ठेवून उभ्या असलेल्या प्रतापला ते हसणं ऐकू आलं, त्यातला स्वतःचा बारीक आवाजही.

सोमवारी त्यानं अर्ध्या दिवसाची रजा घेतली. लोरेन दुपारच्या गाडीनं फ्रँकफुर्टला, तिथून विमानतळावर जाणार होती, हे त्याला कार्यक्रमपत्रिकेवरून माहीत होतं. स्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनचं बांधकाम वर्षानुवर्षं चाललेलं, प्लॅटफॉर्मपर्यंत पत्र्याच्या लांबच लांब बोळांतून चालत जावं लागतं. तो तिथं पोचला तेव्हा ती एका बाकावर बसून कागदी पिशवीतलं ब्रेत्सेल, वर मीठ लावलेला पिळाचा पाव, खात होती. पायांशी छोटी बॅग. तिनं त्याला लगेच ओळखलं.

"बसा," म्हणाली. "याच्यावरचं मीठ खाली पाडायचं असतं का?"

"काही लोक पाडतात." तो बसला. त्यानं रात्रभर जुळवलेली वाक्यं होती, ती एकही सापडेना. "काल मी तुमचं एक वाक्य सांगितलं नाही. त्याच्या जागी माझं सांगितलं. त्याबद्दल सांगायला आलोय."

"मला माहीत आहे," लोरेन म्हणाली.

"तुम्हाला जर्मन येतं?"

"एक शब्द नाही. पण मी ते वाक्य पुष्कळ ठिकाणी बोललेय. ते ऐकल्यावर माणसं खुर्चीत जराशी हलतात. कुठंही गेलं तरी हलतात. काल पुढच्या रांगेत ज्यांना इंग्रजी कळत होतं ते दोघंतिघं हलले. मग तुम्ही बोललात आणि तेसुद्धा सैल झाले." तिनं ब्रेत्सेलचा तुकडा तोडला. "मग मला कळलं."

"मग तुम्ही थांबवलं का नाही?"

"कसं थांबवणार? माझा आवाज त्या खोलीत तुमच्यामार्फतच जात होता."

गाडी आली होती, पण सुटायला वेळ होता. लोक बॅगा ओढत जात होते. प्रतापला वाटलं, आता काहीतरी द्यायला हवं, नुसती चूक घेऊन या बाईसमोर बसता येणार नाही. आणि त्यानं कॉलनीची गोष्ट सांगितली. धरण, क्वार्टर्स, वृंदावनाचा स्टंप, ट्रकमधून येणारे लोक, गोठ्याचं बोलणं. सांगता सांगता त्याला जरा हलकं वाटायला लागलं. बघा, मीही त्यातलाच, मला कळतं, असं काहीसं त्या सांगण्यात येऊ लागलं होतं, आणि ते येतंय हेही त्याला ऐकू येत होतं, तरी तो थांबला नाही. लोरेननं सगळं ऐकून घेतलं.

"गावाचं नाव काय होतं?" तिनं विचारलं.

"कुठल्या?"

"तुमच्या घराच्या जागी जे होतं, त्या."

त्यानं तोंड उघडलं. नाव जिभेवर येईल अशा भरवशानं उघडलं होतं, चौदा वर्षं जिथं राहिलो तिथलं नाव येणारच. काही आलं नाही. प्रकल्पाचं नाव आलं, नदीचं आलं, साहेबांच्या कुत्र्याचंसुद्धा नाव आलं. "मला माहीत नाही," तो म्हणाला. लोरेननं मान हलवली. त्या हलवण्यात त्याला दोष दिलेला नव्हता, आणि माफीही नव्हती. तिनं हातावरचं मीठ झटकलं, बॅग उचलली. डब्याच्या दारात वळून म्हणाली, "त्या वाक्याचं काय ते तुम्हीच बघा. मी तर ते पुढच्या महिन्यात आणखी कुठंतरी बोलेनच." दार लागलं.

संध्याकाळी त्यानं पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे जेवणं झाली होती. बाबा यशवंतराव खुर्चीत, मागे आई कुंदाताई घड्या घालत उभ्या. इकडची हवा, तिकडची हवा, अन्वीचा अभ्यास झाल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, आपली कॉलनी होती, तिथं आधी कुठलं गाव होतं?"

"तीन गावं गेली बुडिताखाली," यशवंतराव म्हणाले.

"बुडालेली नाही. कॉलनीच्या जागेवरचं."

"ते वरच्या अंगाला होतं. छोटं होतं. पंचवीस-तीस उंबरे असतील. हलवलं त्यांना खाली, जागा दिली."

"नाव काय?"

"नाव..." यशवंतराव थांबले. "कागदावर बाधित क्षेत्र म्हणून होतं ते. आई, तुला आठवतं का गं?" पोरांसमोर ते अजूनही बायकोला आईच म्हणायचे.

"आपण खालचं गावच म्हणायचो की अहो," कुंदाताई म्हणाल्या. "ते लोक खाली गेले ना, म्हणून. आधी काय म्हणायचे ते कोण विचारायला गेलंय."

"कशाला हवंय तुला?" यशवंतरावांचा आवाज चढला. "त्या धरणाच्या पाण्यावर चार तालुके उभे राहिले, ते कुणी विचारत नाही. तुम्ही तिकडं बसून आम्हाला विचारणार!"

"तसं नाही बाबा. सहज."

"सहज काय? आम्ही काय कुणाचं लुबाडलं का?"

"अहो, तो असं कुठं म्हणतोय," कुंदाताई म्हणाल्या, आणि मग सगळेच काहीबाही बोलले आणि फोन बंद झाला. बाबांची बाजू खरीच होती. त्या पाण्यावर पिकलेला ऊस, उभ्या राहिलेल्या शाळा त्यानं पाहिल्या होत्या. त्याचं स्वतःचं शिक्षण त्या पगारावर झालं होतं. सगळं खरं होतं, आणि तरीही काहीतरी उरत होतं, भांड्याच्या बुडाला लागल्यासारखं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन थरथरला. बाबा. असा अवेळी फोन ते कधी करत नसत. तो धावत कॉरिडॉरमध्ये आला.

"प्रताप," यशवंतराव म्हणाले. आवाज लहान झाला होता. "कालपासून आठवतोय रे. धरणाच्या भिंतीतल्या कुठल्या मोनोलिथला किती सिमेंट गेलं ते सांगतो तुला. सर्व्हेला त्या गावातनं मी स्वतः फिरलोय, त्यांच्याकडं ताक प्यायलोय. पण नाव आठवत नाही रे मला." प्रताप भिंतीला टेकून उभा राहिला. "राहू दे बाबा," तो म्हणाला. "राहू दे."

त्यानंतर काही आठवडे त्यानं काहीच केलं नाही. हेही सांगायला हवं. आता काय उपयोग, हॉलमधले लोक घरी गेले, लोरेन तिच्या देशात गेली, असं तो स्वतःला समजावत राहिला आणि त्यात तो बऱ्यापैकी यशस्वीही झाला. अन्वीनं विषय पुन्हा काढला नाही. फक्त एकदा शाळेतल्या कुठल्याशा इंग्रजी उताऱ्याचा अर्थ तिला अडला तेव्हा ती त्याच्या खुर्चीवरून पुढं नीताकडे गेली. एवढंच. कदाचित नीता जवळ बसली असेल म्हणून. मग प्रदर्शन उघडायच्या आधी फ्राऊ हेबर्लेंनी त्याला हॉल बघायला बोलावलं. भिंतीवर लोरेनचा माणसापेक्षा मोठा फोटो लावला होता. खाली मोठ्या अक्षरांत, अवतरणचिन्हांत, तिचं नाव घालून: घर सोडणाऱ्याचं दुःख जगात सगळीकडे सारखंच असतं.

"तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं," फ्राऊ हेबर्ले म्हणाल्या. "सगळ्यांना हेच वाक्य आठवत होतं. त्या दिवसाची फिल्मही इथं सतत चालू राहील, तुमच्या आवाजातल्या भाषांतरासकट."

प्रताप त्या अक्षरांकडे बघत होता. "हे त्यांचं वाक्य नाही," तो म्हणाला. "माझं आहे. त्या वेगळं म्हणाल्या होत्या आणि मी ते गाळलं."

"म्हणजे चुकून?"

इथं एक दार उघडं होतं. चुकून म्हटलं असतं तर त्या हसल्या असत्या, विषय मिटला असता. "नाही," तो म्हणाला. "नीट समजलं होतं. सांगायची लाज वाटली म्हणून बदललं." मग त्यानं मूळ वाक्य त्यांना सांगितलं. फ्राऊ हेबर्ले खुर्चीत बसलेल्या नव्हत्या, तरी त्या हलल्याचं त्याला दिसलं. त्या वाईट बाई नव्हत्या.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "आपण ते अवतरण काढून टाकू शकतो. फिल्ममधूनही तेवढा भाग कापता येईल. म्हणजे कुणालाच त्रास नको."

"कापलं तर ते दुसऱ्यांदा गाळल्यासारखं होईल."

वरिष्ठांशी बोलते म्हणाल्या. त्यांचा त्याच्याशी बोलण्याचा सूर त्या दिवसापासून बदलला, अदबीचा झाला, थोडा लांबचा. पुन्हा कधी दुभाषा म्हणून बोलावणार नाहीत हे त्याला कळलं. पण आठवड्याभरानं मेल आला. भिंत बदलतील. फिल्मसाठी तेवढं वाक्य त्यानं नव्यानं रेकॉर्ड करून द्यावं.

रेकॉर्डिंग शहरात एका तळघरात होतं. नील नावाचा टेक्निशियन, विशीतला, काचेपलीकडे, मोठे हेडफोन लावलेला. त्याला गोष्टीशी काही देणंघेणं नव्हतं. पडद्यावर लोरेन बोलली, थांबली, प्रतापकडे मान वळवली. प्रतापनं वाक्य म्हटलं. "नीमांड फ्राग्ट, इन वेसन हाउस झी गेकोमेन झिंट." ते कुणाच्या घरात आले, हे कुणी विचारत नाही.

"चांगलं," नील म्हणाला. "फक्त शेवटी आवाज खाली पडतोय. पुन्हा."

त्यानं पुन्हा म्हटलं. पुन्हा पडला. "घर या शब्दानंतर तुम्ही श्वास सोडताय," नील म्हणाला. "धरून ठेवा. पुन्हा." लोरेन पुन्हा बोलली, पुन्हा थांबली, पुन्हा त्याच्याकडे वळली. प्रत्येक वेळी तीच मान, तेच डोळे, आणि ती वाट बघण्याची तीच पद्धत. त्या दिवशी तिनं किती शांतपणे वाट पाहिली होती हे त्याला आता इथं दिसत होतं. कितव्या तरी वेळी आवाज शेवटपर्यंत उभा राहिला. नीलनं अंगठा वर केला.

"हे चालेल. आता खाली अक्षरं टाकायची आहेत, एक विचारू? ते झी मोठ्या एसनं लिहू की लहान?"

प्रतापला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. जर्मनमध्ये 'ते' आणि 'तुम्ही' कानाला एकच, दोन्ही झी. लिहितानाच काय तो फरक. लहान अक्षर म्हणजे ते लोक, मोठं म्हणजे समोरचे, तुम्ही. नील काचेपलीकडून वाट बघत होता, बोट कीबोर्डवर.

"लहान," प्रताप म्हणाला. "त्या 'ते' म्हणाल्या होत्या. जसं म्हणाल्या तसंच जाऊ दे."

"गेनाऊ, बरोबर," नील म्हणाला, टाइप केलं आणि तपासून बघायला फिल्म मागे घेऊन आवाज मोठा केला. प्रताप हेडफोन काढायला निघाला होता, पण हात तसाच कानापाशी राहिला. लोरेन बोलून थांबली. मग त्याचा स्वतःचा आवाज आला, स्वच्छ, कुठं न पडणारा, थेट कानात. अक्षरं काचेपलीकडच्या पडद्यावर होती, इथून दिसत नव्हती. इथं नुसता आवाज होता, आणि तो विचारत होता की तुम्ही कुणाच्या घरात आलात. प्रताप खुर्चीत जरासा हलला.